आधी वाहतूक वळवा, मग डीएनएस बदला

वेबसाइट एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर न्यायची म्हटली की कामांची यादी तीन ओळींत संपते: फायली हलवा, डेटाबेस हलवा, डीएनएसमधला पत्ता बदला. पहिली दोन कामे तुमच्या घड्याळाप्रमाणे होतात. तिसरे होत नाही. पत्ता तुम्ही रात्री दोनला बदलता. पण काही लोक पहाटे, काही दुपारी, तर काही चक्क दुसऱ्या दिवशीही जुन्याच सर्व्हरवर येऊन धडकतात. साइट नुसती वाचण्यापुरती असेल तर कुणाला कळतही नाही. पण तिच्यावर पुस्तकांची मागणी नोंदवली जात असेल, वर्गणी भरली जात असेल, प्रवेशाचे अर्ज येत असतील, तर त्या काळात काही नोंदी जुन्या डेटाबेसात पडतात आणि काही नव्या. पावती क्रमांक ४५१२ दोन्हीकडे तयार होतो, तोही दोन वेगळ्या माणसांच्या नावावर. हा गुंता पुढे हातानेच सोडवावा लागतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे, कारण त्याची सामग्री तुमच्याकडे आधीच आहे. जुन्या सर्व्हरचे भाडे महिनाअखेरपर्यंत भरलेले असतेच. त्याच्यावरची साइट बंद करायची आणि त्याला एकच काम द्यायचे: येईल ती विनंती नव्या सर्व्हरला पोचवणे आणि उत्तर परत आणून देणे. मग कोण कुठल्या पत्त्यावर आला याने फरक पडत नाही; नोंद एकाच डेटाबेसात होते. मात्र त्यासाठी नेहमीचा क्रम उलटा करावा लागतो. डीएनएस बदलून वाहतूक वळण्याची वाट पाहायची नाही. आधी वाहतूक वळवायची, सगळे नीट चालल्याची खात्री करायची आणि डीएनएस मग सावकाश बदलायचे.

डीएनएसला वेळ का लागतो

डीएनएसमधल्या प्रत्येक नोंदीला टीटीएल असतो. ही नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची, हे तो सांगतो. ८६,४०० म्हणजे एक दिवस, ३,६०० म्हणजे एक तास, ३०० म्हणजे पाच मिनिटे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा रिझॉल्व्हर, वाचकाचा संगणक, त्याचा ब्राउझर असे सगळे आपापल्या परीने जुना पत्ता जपून ठेवतात. म्हणून मायग्रेशनच्या आधी टीटीएल ३०० वर आणायचा, हा सल्ला बरोबरच आहे. पण तो वेळेवर अमलात आणावा लागतो. आधीचा टीटीएल एका दिवसाचा असेल, तर तो निदान एक दिवस आधी कमी करायला हवा. आदल्या तासात कमी करून उपयोग नाही, कारण जुना आकडा लक्षात ठेवणाऱ्यांना नवा आकडा कळलेलाच नसतो.

टीटीएल कमी केला तरी सगळे तो पाळतात असे नाही. काही रिझॉल्व्हर स्वतःची किमान मर्यादा लावतात. महिनोन्‌महिने चालू राहणारे काही प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच पत्ता विचारतात आणि नंतर पुन्हा विचारत नाहीत. त्यातच नेमसर्व्हरही बदलायचे असतील तर गाठ वरच्या पातळीवरच्या टीटीएलशी पडते. डॉट कॉमच्या बाबतीत तो १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस आहे, आणि तो तुमच्या हातात नाही. सर्व्हर आणि नेमसर्व्हर एकाच आठवड्यात बदलू नका, असे म्हणतात ते याचसाठी.

तुमच्यासाठी कोणता मार्ग

जुना आणि नवा सर्व्हर एकाच कंपनीकडे, एकाच विभागात असतील तर आधी आयपी पत्ता हलवता येतो का ते पाहा. डिजिटलओशनमध्ये याला रिझर्व्ह्ड आयपी, हेट्झनरमध्ये फ्लोटिंग आयपी, ॲमेझॉनमध्ये इलॅस्टिक आयपी म्हणतात. साइट आधीपासून अशा पत्त्यावर असेल तर तो जुन्या सर्व्हरवरून काढून नव्याला जोडला की काम झाले. डीएनएसला हात लावायचीही गरज नाही. अट इतकीच की हा पत्ता पहिल्यापासून घेतलेला हवा.

साइट क्लाउडफ्लेअरच्या प्रॉक्सीमागे असेल तरीही काम सोपे आहे. लोकांना पत्ता क्लाउडफ्लेअरचाच दिसतो. मागचा सर्व्हर कोणता, हे तुम्ही त्यांच्या पॅनेलमध्ये बदलता आणि ते जवळपास लगेच लागू होते. मोफत योजनेतही ही सोय मिळते. पण साइट अजून तिथे नसेल तर त्यासाठी नेमसर्व्हर बदलावे लागतात, म्हणून हा मार्ग धरायचा तर मायग्रेशनच्या एक-दोन आठवडे आधीच तिकडे जा.

साधे शेअर्ड होस्टिंग असेल आणि रूट ॲक्सेस नसेल तर पर्याय थोडे आहेत. टीटीएल कमी करा, कमी वर्दळीची वेळ निवडा, जुन्या साइटवर 'काम सुरू आहे' अशी सूचना लावून लिहिण्याची सोय बंद ठेवा आणि डीएनएस बदला. जुनी साइट वाचता आली तरी चालेल, तिच्यात नवी नोंद पडता कामा नये.

ज्यांच्याकडे व्हीपीएस आहे आणि रूट ॲक्सेस आहे, त्यांच्यासाठी पुढचा सगळा मजकूर आहे.

रिडायरेक्ट नव्हे, फॉरवर्ड

पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे ३०१ रिडायरेक्ट. इथे तो चालत नाही. रिडायरेक्ट म्हणजे जुन्या दुकानावर लावलेली पाटी: 'आम्ही अमुक ठिकाणी गेलो आहोत'. पण दुकानाचे नाव तेच असते, आणि गिऱ्हाइकाच्या वहीत त्या नावापुढे जुनाच पत्ता असतो. तो पाटी वाचतो, वही उघडतो आणि पुन्हा त्याच दारात येतो. ब्राउझरही असाच गोल फिरून शेवटी चूक दाखवतो. आपल्याला हवा आहे तो जुन्या दुकानात बसलेला, नव्या दुकानातून माल आणून देणारा पोऱ्या. हे फॉरवर्डिंग करण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत आयपीटेबल्सची. लिनक्सच्या गाभ्यातच ही सोय आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. ८० आणि ४४३ या पोर्टांवर आलेले पॅकेट डीनॅटच्या नियमाने नव्या सर्व्हरच्या पत्त्यावर वळवायचे आणि बाहेर जाताना मास्करेडच्या नियमाने त्यावर जुन्या सर्व्हरचा पत्ता लिहायचा. अनेक जण दुसरा नियम विसरतात. तो नसेल तर नवा सर्व्हर उत्तर थेट वाचकाला पाठवतो. वाचकाचा संगणक जुन्या पत्त्याकडून उत्तराची वाट पाहत असतो, त्यामुळे परक्या पत्त्यावरून आलेले ते उत्तर तो टाकून देतो. याशिवाय आयपी फॉरवर्डिंगचा स्विच १ करावा लागतो, कारण बहुतेक सर्व्हरवर तो ० असतो. फायरवॉलच्या फॉरवर्ड साखळीतही वाट मोकळी करावी लागते. डॉकर किंवा यूएफडब्ल्यू असेल तर ती हमखास बंद असते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आधीपासून उघडी असलेली कनेक्शन नव्या नियमाने वळत नाहीत, फक्त नवी वळतात. आणि नियम कायमचे साठवले नाहीत तर सर्व्हर रीस्टार्ट होताच पुसले जातात.

दुसरी रीत टीसीपी पातळीवरच्या प्रॉक्सीची. एचएप्रॉक्सी, एनजिनएक्सचे स्ट्रीम मॉड्यूल, किंवा अगदी छोटेसे काम असेल तर रिनेटडी. रिनेटडीला तर एक ओळ पुरते: कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर ऐकायचे आणि कोणत्या पत्त्यावर, कोणत्या पोर्टवर द्यायचे. पहिल्या दोन्ही रीतींत एन्क्रिप्शन न उघडता सगळे जसेच्या तसे पुढे जाते, म्हणून प्रमाणपत्र फक्त नव्या सर्व्हरवर लागते.

तिसरी रीत रिव्हर्स प्रॉक्सीची. एनजिनएक्स किंवा अपाची जुन्या सर्व्हरवर विनंती उघडून वाचतो आणि नव्याकडे नवी विनंती पाठवतो. इथे वाचकाचा खरा पत्ता हेडरमधून पुढे देता येतो. जुन्या सर्व्हरवर एनजिनएक्स किंवा अपाची बहुधा चालूच असतो, त्यामुळे सर्वसाधारण साइटला हीच रीत सोयीची. पण तिच्यात चार ठिकाणी ठेच लागते.

एक, नव्या सर्व्हरचा पत्ता आकड्यांत लिहा, उदाहरणार्थ २०३.०.११३.१०. साइटचे नाव लिहिलेत तर जुना सर्व्हर ते नाव डीएनएसला विचारतो, उत्तर म्हणून स्वतःचाच पत्ता मिळतो आणि तो स्वतःलाच विनंत्या पाठवत बसतो. पत्ता आकड्यांत दिल्यावर होस्ट हेडरमध्ये आणि एचटीटीपीएस असेल तर एसएनआयमध्ये साइटचे नाव वेगळे द्यावे लागते, नाहीतर नवा सर्व्हर भलतीच साइट दाखवतो.

दोन, एनजिनएक्स मुळात एक मेगाबाइटपेक्षा मोठी विनंती घेत नाही. अपाचीवर सुखाने चढणारे फोटो आणि पीडीएफ मग ४१३ क्रमांकाची चूक दाखवून अडतात. ही मर्यादा आधीच वाढवून ठेवा. मोठे अहवाल तयार करणारी पाने असतील तर ६० सेकंदांची वाट पाहण्याची मर्यादाही वाढवा.

तीन, जुना सर्व्हर नव्याशी साध्या एचटीटीपीने बोलत असेल तर मूळ विनंती एचटीटीपीएस होती हे हेडरमधून सांगा आणि नव्या बाजूला ते समजेल असे पाहा. नाहीतर वर्डप्रेस प्रत्येक वेळी 'एचटीटीपीएसवर या' म्हणत राहते आणि पान कधीच उघडत नाही. शिवाय दोन सर्व्हर वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतील तर मधला प्रवास उघड्या इंटरनेटवरून होतो. पासवर्ड आणि पैशांची माहिती त्यावरून साधी जाऊ देऊ नका. मधल्या टप्प्यातही एचटीटीपीएसच ठेवा.

चार, वेबसॉकेट वापरणारी साइट असेल, म्हणजे चॅट किंवा थेट गुणफलक, तर अपग्रेडचे हेडर वेगळे पुढे द्यावे लागते.

सगळे वाचक एकाच पत्त्यावरून

आयपीटेबल्स किंवा रिनेटडी वापरले तर नव्या सर्व्हरला सगळी वाहतूक जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावरून आलेली दिसते. लॉगमधला आकडा चुकला तर दोन दिवस चालवून घेता येते. खरा घोळ सुरक्षेच्या साधनांत होतो. पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्या पत्त्याला फेलटूबॅन रोखतो. इथे कुणा एका बॉटने चुकीचे पासवर्ड टाकले की जुन्या सर्व्हरचाच पत्ता रोखला जातो आणि फॉरवर्ड होणारे सगळेच बाहेर राहतात. म्हणून वाहतूक वळवण्याआधी जुन्या सर्व्हरचा पत्ता फेलटूबॅनच्या, वर्डप्रेसच्या सुरक्षा प्लगइनच्या आणि विनंत्यांच्या गतीवर मर्यादा घालणाऱ्या नियमांच्या सुटीच्या यादीत घाला.

खरा पत्ता हवाच असेल तर रिव्हर्स प्रॉक्सी वापरा आणि नव्या सर्व्हरवर फक्त जुन्या सर्व्हरकडून आलेल्या हेडरवर विश्वास ठेवा. सरसकट सगळ्यांकडून आलेला हेडर मानला तर कुणीही हवा तो पत्ता लिहून पाठवेल. टीसीपी पातळीवर राहून खरा पत्ता पाठवायचा तर प्रॉक्सी प्रोटोकॉल आहे. मात्र नव्या सर्व्हरवर त्यासाठी ८४४३ सारखे वेगळे पोर्ट ठेवा. ४४३ वरच तो लावला तर थेट येणारे वाचक तो मजकूर पाठवत नाहीत, आणि त्यांना साइट दिसत नाही.

हटकून विसरल्या जाणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, आयपीव्ही६. डोमेनला क्वाड-ए नोंद असेल तर जिओसारख्या मोबाइल नेटवर्कवरची बरीच मंडळी आयपीव्ही६ ने येतात. आयपीटेबल्सचे नियम फक्त आयपीव्ही४ ला लागू होतात. आयपीव्ही६ साठी वेगळे लिहावे लागतात. ऑफिसच्या वायफायवर सगळे ठीक आणि मोबाइलवर जुनीच साइट, असा प्रकार दिसला तर आधी इथे पाहा.

दुसरी, मेल. पोर्ट २५ या रीतीने फॉरवर्ड करू नका. सगळे मेल जुन्या सर्व्हरच्या पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात, त्यामुळे खऱ्या मेलची एसपीएफ तपासणी नापास होते. त्याहून वाईट म्हणजे नवा मेलसर्व्हर जुन्या पत्त्याला घरचा मानत असेल तर कुणीही त्याच्यामार्फत स्पॅम पाठवू शकते. मेलला घाईही नसते; पाठवणारा सर्व्हर पत्ता लागला नाही तर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेल त्याच सर्व्हरवर असेल तर तो वेगळ्या दिवशी हलवा.

तिसरी, बाहेर जाणारी वाहतूक. पेमेंट गेटवे, बँक, एसएमएस पुरवठादार यांच्याकडे तुमच्या सर्व्हरचा पत्ता नोंदवलेला असेल तर नवा पत्ता आधीच नोंदवून घ्या. फॉरवर्डिंगने येणारी वाहतूक सांभाळली जाते. नव्या सर्व्हरने बाहेर केलेली विनंती त्याच्या स्वतःच्याच पत्त्यावरून जाते. या नोंदणीला कामकाजाचे दिवस लागतात, म्हणून ती शुक्रवारी रात्री आठवून चालत नाही.

प्रत्यक्ष क्रम

आठवडाभर आधी:

१. डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदी लिहून काढा आणि टीटीएल ३०० करा.

२. आरसिंकने फायलींची पहिली प्रत नव्या सर्व्हरवर न्या. शेवटच्या रात्री मग फक्त बदललेल्या फायली जातात.

३. प्रमाणपत्र आणि त्याची चावी नव्या सर्व्हरवर न्या. त्याची मुदत निदान महिनाभर शिल्लक आहे ना ते पाहा. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी डीएनएसमधल्या पत्त्याच्या पोर्ट ८० वर येते, त्यामुळे डीएनएस बदलण्याआधी नव्या सर्व्हरवर थेट प्रमाणपत्र काढायला गेलात तर ती फसते.

४. स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फायलीत साइटचे नाव नव्या पत्त्याला जोडा आणि साइट पूर्ण वापरून पाहा. चाचणी संपली की ती ओळ काढा.

५. जुन्या सर्व्हरवर ८०८० सारख्या फावल्या पोर्टवर फॉरवर्डिंग लावून पाहा. नव्या सर्व्हरची फायरवॉल अडवत असेल तर ती इथेच कळते.

हलवण्याच्या रात्री:

१. जुन्या सर्व्हरवरची क्रॉनची कामे बंद करा. नाहीतर वर्गणी संपल्याचा एसएमएस लोकांना दोन्हीकडून जातो.

२. साइटवर सूचनेचे पान लावा, म्हणजे नवी नोंद थांबेल.

३. आरसिंक पुन्हा चालवा, डेटाबेसची शेवटची प्रत काढा आणि नव्या सर्व्हरवर चढवा.

४. दोन्हीकडचा शेवटचा पावती क्रमांक आणि मुख्य टेबलांतल्या नोंदींची संख्या ताडून पाहा.

५. फॉरवर्डिंग सुरू करा. सूचनेचे पान आता कुणाला दिसणार नाही.

६. जुना डेटाबेस बंद करा. चुकून काही तिकडे गेलेच तर ते गुपचूप साठवले न जाता चूक म्हणून दिसायला हवे.

७. मोबाइल डेटावरून एक खरी मागणी नोंदवा आणि ती नव्या डेटाबेसात पडली का ते पाहा.

आता थांबा. डीएनएस अजून जुन्याच पत्त्यावर आहे, आणि आपल्याला हेच हवे आहे. नवा सर्व्हर पहिल्या तासात कोलमडला तर फॉरवर्डिंग काढायचे, जुना डेटाबेस सुरू करायचा आणि तेवढ्या वेळात नव्यात पडलेल्या नोंदी परत आणायच्या. माघार मिनिटांत होते. डीएनएस बदलले असते तर माघारही जगभर पसरायला वेळ लागला असता. एक पूर्ण दिवस, वर्दळीच्या वेळेसह, नव्या सर्व्हरने निभावला की मगच ए आणि क्वाड-ए नोंदी बदला. दोन-तीन दिवसांनी टीटीएल पुन्हा वाढवा.

खर्च किती

फॉरवर्डिंगमध्ये प्रत्येक बाइट दोनदा बाहेर पडतो: नव्या सर्व्हरकडून जुन्याकडे, आणि जुन्याकडून वाचकाकडे. साइट दिवसाला ५ जीबी पाठवत असेल आणि चार दिवस सगळे जुन्या मार्गाने गेले, तर जास्तीचे २० जीबी लागतील. बहुतेक व्हीपीएस योजनांत महिन्याला याच्या कितीतरी पट मर्यादा असते. ॲमेझॉनवर महिन्याला १०० जीबी बाहेर पाठवणे मोफत आहे. व्हिडिओ किंवा मोठ्या डाउनलोडची साइट असेल तर मात्र हिशेब आधी करा आणि जड फायली वेगळ्या उपडोमेनवर ठेवून तेवढेच आधी हलवा. खर्च वाचवण्यासाठी जुना सर्व्हर लहान योजनेवर आणता येतो, कारण निव्वळ फॉरवर्डिंगला मेमरी आणि प्रोसेसर फारसे लागत नाहीत. पण त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागतो, म्हणून ते डीएनएस बदलून वर्दळ ओसरल्यावर करा.

दुसरी किंमत वेळेची असते. जुना सर्व्हर अमेरिकेत आणि नवा मुंबईत असेल, तर नागपूरच्या वाचकाची विनंती आधी अमेरिकेला, तिथून मुंबईला जाते आणि उत्तर त्याच वाटेने परतते. साइट हळू वाटणारच. अशा वेळी चाचणीचा एक दिवस पुरेसा धरा आणि डीएनएस लवकर बदला.

बंद कधी करायचे

डीएनएस बदलल्यावर जुन्या सर्व्हरचा लॉग रोज पाहा. आयपीटेबल्स असेल तर नियमापुढच्या पॅकेटांची संख्या पाहा. वर्दळ पहिल्या दिवशी झपाट्याने उतरते आणि मग एका पातळीवर रेंगाळते. उरलेले कोण आहेत ते तपासा. बरेचसे बॉट असतात, नाव न विचारता थेट आयपी पत्त्यावर येणारे. त्यांच्यासाठी भाडे भरायची गरज नाही. पण त्यात एखादे जुने मोबाइल ॲप, शाखेतला बिलिंगचा संगणक किंवा पेमेंट गेटवेचा परतीचा संदेश असेल तर कुठेतरी जुना पत्ता पक्का लिहिलेला आहे. तो शोधून बदलेपर्यंत सर्व्हर ठेवा. शंका असेल तर एका कामकाजाच्या दिवशी तासभर फॉरवर्डिंग बंद करा. कुणाचा फोन येतो ते पाहा.

सर्व्हर परत केल्यावर त्याचा आयपी पत्ता दुसऱ्या कुणाला तरी मिळतो, आणि तो माणूस कोण असेल हे तुम्हाला माहीत नसते. म्हणून परत करण्याआधी शेवटची प्रत काढून घ्या आणि त्या पत्त्याला दिलेली प्रत्येक सवलत मागे घ्या: फायरवॉलमधली वाट, फेलटूबॅनची सूट, हेडरवरचा विश्वास, एसपीएफमधला उल्लेख, डेटाबेसची परवानगी. चाचणीसाठी काढलेली उपडोमेनेही तपासा. त्यातले एक जरी जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत राहिले, तर तुमच्या नावाखाली दुसऱ्याची साइट उघडेल. ही यादी शून्यावर आली की जुना सर्व्हर निर्धास्तपणे परत करा.